सोबत जोडले आहे, पण उघडत नाही!

मराठी कचेरीतल्या पत्राला एक शेपूट असते. मजकूर संपला, ‘आपला विश्वासू’ झाले, सही झाली की डाव्या हाताला तळाशी एक ओळ येते : ‘सोबत : वरीलप्रमाणे’. टपाल फोडणारा आवक कारकून आधी ती ओळ पाहतो. सोबतचे कागद मोजतो, टाचणी नीट आहे ना ते बघतो आणि मगच नोंदवहीत शिक्का मारतो. कागद मोजून भरले म्हणजे पत्र पोहोचले. ते वाचता येईल की नाही, ही शंका त्या कारकुनाच्या मनाला कधी शिवली नाही. शिवण्याचे कारणही नव्हते. शाईने कागदावर उमटलेले अक्षर साताऱ्यात जसे दिसते तसेच सोलापुरातही दिसते.

ई-मेलने ती ओळ घालवली आणि तिच्या जागी एक चिमुकली क्लिप आणून बसवली. क्लिप दिसली म्हणजे सोबत काहीतरी आहे एवढे कळते. पण ‘सोबत आहे’ आणि ‘वाचता येते’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे फाइल उघडायला गेल्यावरच उमगते. मग सुरू होते फोनाफोनी.

मी पुण्यात तीसएक वर्षे डीटीपीचा व्यवसाय केला. लग्नपत्रिका, सहकारी बँकांचे अहवाल, दिवाळी अंक, पीएच.डी.चे प्रबंध असे सगळे हाताखालून गेले. त्यामुळे ओळखीपाळखीच्या घरांत ‘फाइल उघडत नाही’ म्हटले की फोन माझ्याकडे. तक्रारी तीनच तऱ्हेच्या असतात. ‘उघडतच नाही.’ ‘उघडते, पण नुसते चौकोन दिसतात.’ आणि ‘मागवले होते एक, आले भलतेच.’ चौथे वाक्य पाठवणाऱ्याचे असते आणि ते कधी बदलत नाही : ‘आमच्याकडे तर उघडते!’ अहो, उघडणारच. ज्या घरात कुलूप लावले त्या घरात किल्ली असतेच. प्रश्न समोरच्याच्या घरी किल्ली आहे का, हा आहे.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. अशी आलेली फाइल बहुतेक वेळा मोडलेली नसते. आतला ऐवज शाबूत असतो. तो कसा वाचायचा हे सांगणारी चिठ्ठी हरवलेली असते. हे ठाऊक नसल्यामुळे माणसे चांगल्या फायली पुसून टाकतात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, त्या ‘दुरुस्त’ करायला जातात. या दुसऱ्या प्रकाराने काय घडते, ते पुढे सांगणार आहे.

फक्त अक्षरे नेणारे टपाल

ई-मेलचा जन्म १९७१चा. अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवला आणि पत्त्यात ते सुप्रसिद्ध ‘ॲट’चे चिन्ह वापरले. हे टपाल होते फक्त अक्षरांचे, तीही इंग्रजी. मोठी ‘एबीसीडी’, लहान ‘एबीसीडी’, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही सूचना मिळून एकूण १२८ खुणा. १९८२ साली या टपालाचे नियम लिहून निघाले तेव्हाही मर्यादा तीच राहिली. पोस्टाने ‘आम्ही फक्त पोस्टकार्डे नेऊ, पार्सल नाही’ म्हणावे, तसे.

पण माणसाला पार्सल पाठवल्याशिवाय चैन पडत नाही. छायाचित्र, गाणे, हिशेबाचा तक्ता यांतले काहीच अक्षरांत नसते. संगणकाच्या लेखी ते नुसते आकडे असतात. मग लोकांनी युक्ती काढली. पार्सल उसवून त्यातल्या वस्तूचे वर्णन पोस्टकार्डांवर लिहायचे, ती कार्डे टाकायची आणि पलीकडच्याने वर्णन वाचून वस्तू पुन्हा उभी करायची. अशी एक पद्धत १९८० साली बर्कलीला मेरी ॲन हॉर्टन यांनी तयार केली. मॅकिंटॉशवाल्यांची पद्धत वेगळी होती. पाठवणाऱ्याची एक आणि घेणाऱ्याची दुसरी असली, की पडद्यावर पानेच्या पाने अगम्य अक्षरे.

हा गोंधळ निस्तरला नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी. त्यांनी जी पद्धत बसवली तिचे नाव ‘माइम’. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी या पद्धतीने एक मेल पाठवला. सोबत काय, तर त्यांच्या हौशी गायक-चौकडीचे छायाचित्र आणि त्यांनी म्हटलेल्या गाण्याचे ध्वनिमुद्रण! ‘मेलमधून चित्रे कशाला पाठवायची?’ असे लोक विचारत, तेव्हा ते सांगत, की पुढे मला नातवंडे होतील आणि त्यांचे फोटो मला मेलने हवे आहेत. ज्या आजी-आजोबांच्या टेबलावरच्या संगणकात आज परदेशातल्या नातवाचा फोटो उघडतो, त्यांनी या गृहस्थाला मनोमन नमस्कार करायला हरकत नाही.

माइमने दोन कामे केली. पहिले, वस्तूचे अक्षरांत रूपांतर कसे करायचे याची सर्वांना मान्य अशी रीत दिली. मूळ फाइलमधले तीन-तीन घटक घ्यायचे आणि त्यांची चार अक्षरे करायची. तिनाची चार होतात, म्हणून पार्सल वाटेत एक तृतीयांशाने फुगते. तुमच्या संगणकावर २० एमबीची दिसणारी फाइल टपालात २६ एमबीच्या वर जाते. ‘मर्यादा २५ एमबी आहे, माझी फाइल २०चीच आहे, तरी परत का आली?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या साध्या त्रैराशिकात आहे.

दुसरे काम अधिक महत्त्वाचे. प्रत्येक पार्सलावर चिठ्ठी लावायची : आत छायाचित्र आहे, ध्वनी आहे, की अमुक प्रोग्रामचा दस्तऐवज. पाठवणाऱ्या यंत्राला ते ठाऊक नसेल, तर चिठ्ठीवर ‘आत काही घटक आहेत’ एवढेच लिहिले जाते. ही म्हणजे ‘एक पिशवी’ अशी पावती. आपल्या निम्म्या तक्रारी या मोघम किंवा चुकीच्या चिठ्ठीतून निघतात.

फाइलचे आडनाव

आता नावाकडे वळू. जुन्या पीसीवर फाइलचे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढे, टिंबानंतर, तीन अक्षरांचे आडनाव. ‘डॉक’ म्हणजे वर्डचे घराणे, ‘एक्सएलएस’ म्हणजे एक्सेलचे. आडनावावरून घर ओळखायचे, ही विंडोजची रीत आजही आहे. मॅकिंटॉशचा कारभार मात्र खेड्यासारखा होता. तिथे आडनावाची गरजच नव्हती, कारण कोण कुणाचा हे सगळ्यांना माहीत! फाइल कसली आणि कोणत्या प्रोग्रामने केली, याची नोंद मॅक स्वतःजवळ, नावापासून वेगळी ठेवत असे. त्यामुळे छापखान्यातल्या मॅकवरून ग्राहकाच्या पीसीवर फाइल गेली, की ती नोंद मागेच राहायची आणि बिनआडनावाचा पाहुणा दारात उभा. विंडोज विचारी, ‘याला कशात उघडू?’ ग्राहक घाबरून फोन करी. आम्ही सांगायचो, नावापुढे टिंब देऊन ‘डॉक’ लिहा. लिहिले की उघडे. २००१पासूनच्या नव्या मॅक प्रणालीत आडनावे रुळली आणि हा त्रास ओसरला.

पण यातून एक खुळ पसरले. आडनाव बदलले की फाइल बदलते, असा लोकांचा समज झाला. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते. माझ्या मावशीकडे भाचेसुनेने परदेशातून बारशाचे फोटो पाठवले. मावशीचा संगणक जुना. एकही फोटो उघडेना. कुणीतरी सुचवले, शेवटची अक्षरे पुसून ‘जेपीजी’ लिहा. लिहिले, तरीही उघडेना. कारण ते फोटो ‘हेइक’ प्रकारचे होते. ॲपलने २०१७पासून आयफोनमध्ये ही पद्धत आणली. जागा कमी लागते, चित्र चांगले येते. पण जुन्या विंडोजला ती भाषाच येत नाही. मेल पाठवताना आयफोन पुष्कळदा स्वतःच फोटो जेपीईजी करून देतो, पण फोटो ‘फाइल’ म्हणून जोडला तर मूळ रूपातच जातो. अशा वेळी नाव बदलून भागत नाही. रूपांतर करावे लागते. त्याहून सोपे म्हणजे पाठवणाऱ्यानेच फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे. पुढचे फोटो सरळ जेपीईजीच निघतात. मावशीचे फोटो आम्ही दुसऱ्या संगणकावर बदलून आणले. बाळाचे नाक कुणावर गेले यावर त्या घरात अजून एकमत नाही.

उलट प्रकारही होतो. २००७ सालापासूनची वर्डची ‘डॉक्स’ फाइल आतून एक बांधलेली थैलीच असते, ‘झिप’ पद्धतीची. काही वेळा वाटेत चिठ्ठी चुकते आणि ती ‘झिप’ या आडनावाने येऊन पडते. लोक ती सोडतात आणि आत वीस-पंचवीस बारीकसारीक फायली पाहून चक्रावतात. इथे मात्र आडनाव दुरुस्त करून पुन्हा ‘डॉक्स’ लिहिले, की काम होते. फरक ध्यानात घ्या. नाव चुकले असेल तर नाव बदला; प्रकारच वेगळा असेल तर नाव बदलून उपयोग नाही.

मग आत खरोखर काय आहे हे ओळखायचे कसे? फाइलची एक प्रत काढा आणि ती प्रत नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्राममध्ये उघडा. बाकी सगळी गिचमीड दिसेल, पण पहिली काही अक्षरे पाहा. टक्क्याचे चिन्ह आणि पुढे ‘पीडीएफ’ असेल तर ती पीडीएफ. सुरुवातीला ‘पी’ आणि ‘के’ ही मोठी अक्षरे असतील तर ती झिपची थैली. तिचा जनक फिल कॅट्झ याची ती आद्याक्षरे. सुरुवातीलाच कुठेतरी ‘हेइक’ दिसले तर तो आयफोनचा फोटो. आडनाव खोटे असू शकते. ही जन्मखूण सहसा खोटी नसते. पाहून झाले की काही न बदलता प्रत बंद करायची.

गाठोडे

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीचा पुनर्विकास निघाला होता. कराराचा मसुदा एका कार्यालयातून ई-मेलने आला आणि हरकती नोंदवायला मुदत पंधरा दिवसांची. अध्यक्ष अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मेलसोबत एकच फाइल, नाव ‘विनमेल.डॅट’. ती कशानेच उघडेना. कार्यालयात फोन केला, की तेच उत्तर : ‘आमच्याकडे तर उघडते!’ अशा उत्तरांत नऊ दिवस गेले.

हे नाव दिसले, की रोगाचे निदान झालेच म्हणून समजा. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमधून ‘रिच टेक्स्ट’ पद्धतीने मेल गेला, तर अक्षरांची सजावट आणि सोबतच्या फायली असे सारे एका गाठोड्यात बांधले जाते. पलीकडे आउटलुकच असेल, तर ते गाठोडे आपोआप सुटते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दुसरा प्रोग्राम असेल, तर त्याला गाठोडे दिसते, पण गाठ सोडता येत नाही. खरा उपाय पाठवणाऱ्याकडे असतो : मेलची पद्धत ‘एचटीएमएल’ किंवा ‘प्लेन टेक्स्ट’ करून तोच मेल पुन्हा धाडायचा. घेणाऱ्याला घाई असेल, तर गाठोडे सोडणारे लहान प्रोग्राम मिळतात. मात्र एक पथ्य पाळा. करार, आजारपणाचे रिपोर्ट, बँकेची कागदपत्रे असली गाठोडी कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर ‘मोफत सोडवून देतो’ म्हटले म्हणून टाकू नका.

त्या गाठोड्यातून तीन कागद निघाले. मसुदा, नकाशा आणि प्रत्येक सदनिकेच्या क्षेत्रफळाचा तक्ता. तक्त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींच्या घराचे क्षेत्रफळ नोंदणीकृत करारापेक्षा चाळीस चौरस फुटांनी कमी लागले होते. हरकत तेराव्या दिवशी गेली आणि आकडा दुरुस्त झाला. चाळीस चौरस फूट म्हणजे एक न्हाणीघर. फाइल उघडत नाही ही गंमत नव्हे, हे त्या आजी चांगले सांगतील.

आपल्या अक्षरांची गोष्ट

इथवरचे सारे जगभरच्या लोकांचे रडगाणे. मराठी माणसाच्या वाट्याला याखेरीज एक दुखणे आले आणि त्याचे व्रण अजून घरोघरच्या जुन्या सीडींवर आहेत.

१९९०च्या दशकात श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे फॉन्ट यांनी मराठी छपाईचे रूप पालटले. पण तेव्हा फॉन्टमध्ये जागा असायच्या २५६. त्या जागा मुळात रोमन अक्षरांच्या. आपल्या फॉन्टकर्त्यांनी त्याच घरांत देवनागरी अक्षरांचे तुकडे नेऊन बसवले. कुठे काना, कुठे अर्धा ‘क’, कुठे रफार. म्हणजे फाइलमध्ये साठवलेले असायचे एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. त्याला तो विशिष्ट फॉन्ट चढवला की दिसायचे मराठी. आणि कोणते अक्षर कोणत्या घरात, हे ज्याचे त्याने ठरवलेले. लिपीसाठी ‘इस्की’ नावाचे भारतीय मानक १९९१ साली आले होते, पण छपाईच्या दुनियेतली फॉन्टची मांडणी आपापल्या वाटेनेच चालली. परिणामी ती फाइल ई-मेलने गेली आणि पलीकडे तो फॉन्ट नसला, की सुंदर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला.

साठीच्या एक बाई माझ्याकडे आल्या. वडील पाटणच्या बाजूला शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या आणि १९९९च्या सुमारास एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. बारा प्रकरणे. बाई तेव्हा परदेशात. वडिलांनी पहिली आठ प्रकरणे एका मेलने पाठवली, उरलेली चार नंतर दुसऱ्या पत्त्यावर. बाईंनी उघडून पाहिले तर काला. ‘सवडीने बघू’ म्हणून ते राहिले. पुढे वडील गेले. छापील प्रत घर बदलताना कुठे गेली, कुणालाच ठाऊक नाही.

पहिल्या आठ फायली मेलमध्ये जशा आल्या तशाच पडून होत्या. हेच त्यांचे नशीब. वर्डची फाइल आपल्याला कोणता फॉन्ट हवा होता त्याचे नाव आत जपून ठेवते. ते नाव पाहिले, तो फॉन्ट माझ्या जुन्या सीडीत होता, चढवला आणि पडद्यावर शब्द उभे राहिले. बाई खुर्चीत सावरून बसल्या. मग तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचे काम. रूपांतर करणारे प्रोग्राम असतात, पण ते ठरावीक ठिकाणी अडखळतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा : वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा ‘र’ व्यंजनाआधी. त्यामुळे ‘गिरणी’चा आणि ‘वर्ग’चा विचका होतो. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला फरकही प्रोग्रामला समजावून द्यावा लागतो. म्हणून बाई मूळ मजकूर मोठ्याने वाचायच्या आणि मी नवा मजकूर सुधारायचो.

पाचव्या प्रकरणात कोयनेचा भूकंप आला. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. दोन वर्षांच्या मुलीला घोंगडीत गुंडाळून मास्तर अंगणात धावले आणि उजाडेपर्यंत तिला छातीशी धरून उभे राहिले, असे त्यांनी लिहिले होते. वाचता वाचता बाई थांबल्या. ती मुलगी त्याच होत्या. वडिलांनी ही गोष्ट त्यांना कधी तोंडाने सांगितली नव्हती.

उरलेल्या चार प्रकरणांचा मेल ज्या पत्त्यावर आला होता, ते खाते केव्हाच बंद झालेले. हाती होत्या त्या प्रती घरातल्याच एका मुलाने चांगल्या हेतूने ‘साफ’ केलेल्या. त्याने तो काला दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेऊन साध्या मजकुराच्या रूपात सेव्ह केला होता. त्या प्रोग्रामला जी चिन्हे ओळखता आली नाहीत, त्या प्रत्येकाच्या जागी त्याने प्रश्नचिन्ह घातले. दर दोन-तीन अक्षरांमागे एक प्रश्नचिन्ह आणि सगळी प्रश्नचिन्हे सारखी. कोणत्या प्रश्नचिन्हाखाली काना होता आणि कोणत्याखाली ‘श’, हे आता जगातला कोणताही प्रोग्राम सांगू शकत नाही. शब्दकोडे सोडवावे तसे काही शब्द आम्ही जुळवले, पण मग बाईच म्हणाल्या, ‘पुरे. हे आता बाबांचे राहणार नाही, आपले होईल.’ अनुक्रमणिकेत नवव्या प्रकरणाचे नाव स्पष्ट होते : ‘तुझी आई’.

म्हणून हात जोडून सांगतो. जे बिघडलेले दिसते, ते सेव्ह करू नका. पाहा, बंद करा, मूळ फाइल जशी आली तशी बाजूला ठेवा आणि प्रयोग करायचे ते प्रतीवर करा. विचित्र दिसणे हा दोष नजरेचा असतो. सेव्ह केले की तो फाइलचा होतो.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून होती. मात्र घरच्या विंडोजवर ती धडपणे यायला २००० साल उजाडले. आपल्या ‘ॲ’ला स्वतंत्र घर मिळाले ते तर २००८ साली. आता ‘क’ म्हणजे जगात सगळीकडे ‘क’च. तरीही कधी कधी मराठी मेलऐवजी किंवा मंडळाच्या सभासदांच्या यादीऐवजी, डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ आणि त्याला चिकटलेले एक चक्रासारखे चिन्ह, अशी जोडी ओळीत पुन्हा पुन्हा दिसते. ती दिसली तर आनंद माना! यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन घटकांत साठवले जाते आणि पहिले दोन घटक बहुतेक तेच ते असतात. वाचणारा प्रोग्राम त्यांना युरोपीय अक्षरे समजतो, एवढेच. मराठी आत शाबूत आहे. ‘एन्कोडिंग’च्या यादीतून यूटीएफ-८ निवडायचे. एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही’ यादी असेल, तर थेट दोनदा टिचकी न मारता ‘डेटा’मधून मजकूर आयात करायचा आणि तिथे हीच निवड करायची. नावे जागच्या जागी येतात.

पाठवणाऱ्याचे कर्तव्य

एवढे सगळे घेणाऱ्याने का शिकायचे? रास्त प्रश्न आहे. खरे तर या व्यवहारात जास्त जबाबदारी पाठवणाऱ्याची. पाहुण्याला जेवायला बोलावल्यावर त्याला काय चालते हे आपण आधी विचारतो, तसेच हे.

नुसते वाचायचे असेल तर पीडीएफ पाठवावी. अडोबीने ही पद्धत १९९३ साली आणली आणि २००८पासून ती आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिच्यात फॉन्ट सोबत बांधून देता येतो, म्हणून मराठी अक्षर पलीकडेही तसेच दिसते. पण जुन्या फॉन्टमधून केलेल्या पीडीएफमधला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला, तर पुन्हा कालाच निघतो. तेव्हा मूळ फाइलही जपावी. समोरच्याने दुरुस्त्या करायच्या असतील तर त्याच्याकडे कोणता प्रोग्राम आहे ते विचारावे. नाव सुटसुटीत द्यावे, आडनाव पुसू नये. आणि मेलच्या मजकुरात, आपल्या जुन्या कारकुनाला स्मरून, एक ओळ लिहावी : सोबत तीन फायली, दोन पीडीएफ, एक एक्सेल, फॉन्ट अमुक. ही ओळ लिहायला अर्धे मिनिट लागते आणि समोरच्याचा आठवडा वाचतो.

घेणाऱ्यानेही एक सावधगिरी बाळगावी. उघडत नाही म्हणून हट्टाला पेटून काहीही उघडू नये. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने एक फाइल जगभर फिरली आणि लाखो संगणक आडवे झाले. तिचे पहिले आडनाव साध्या मजकुराचे होते, खरे आडनाव त्याच्या मागे दडलेले. विंडोज ओळखीची आडनावे लपवून ठेवते, याचा तो फायदा. २०२४ साली लग्नपत्रिकेच्या नावाखाली मोबाइलवर ॲप धाडणाऱ्या भामट्यांबद्दल पोलिसांना इशारे द्यावे लागले. पत्रिका कधी ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. अनोळखी फाइल आली, तर आधी पाठवणाऱ्याला फोन करून ‘तूच पाठवलेस ना?’ असे विचारावे.

कपाटात एखादी जुनी सीडी, मेलच्या तळाशी दहा-वीस वर्षांपूर्वीची एखादी न उघडणारी फाइल तुमच्याकडेही असेल. ज्याने ती पाठवली तो माणूस अजून फोनवर भेटत असेल, तर त्याला एवढेच विचारा : ‘ही कशात केली होती आणि फॉन्ट कोणता होता?’ उत्तर एका कागदावर लिहून त्या सीडीच्या पाकिटात घाला. फाइल वाट पाहू शकते. उत्तर देणारी माणसे तेवढी थांबत नाहीत.